प्रार्थनेतला टोमणा

एका जंगलाच्या कडेला छोटेसे ख्रिस्तमंदिर होते. त्याच्या कौलांखाली एक चिमणी राहत असे आणि भिंतीतल्या भोकात एक साळुंकी. दोघी अगदी शेजारणी. रविवारची उपासना ऐकून ऐकून तिथले पक्षीही प्रार्थना करायला शिकले होते. माणसे घरी गेली की ते अंगणातल्या चाफ्यावर जमत आणि ज्याला जे मागायचे ते तो मोठ्याने मागे.

एकदा जंगलात निवडणूक आली. हत्ती आणि मोर उभे राहिले. चिमणी म्हणे, "वणवा लागला तर सोंडेने पाणी कोण आणेल? हत्तीच!" साळुंकी म्हणे, "वाघ आला की आधी ओरडून सावध कोण करतो? मोरच!" इथवर ठीक होते. पण रविवारी साळुंकी डोळे मिटून म्हणाली, "प्रभो, हत्तीच्या पायाखाली जाऊन बसणाऱ्या आमच्या एका बहिणीला अक्कल दे." चिमणी काय कमी होती? तिने पंख जोडले. "प्रभो, पिसारा बघून भाळणाऱ्या आमच्या एका बहिणीला डोळे दे. आमेन!" बाकीचे पक्षी खुदकन हसले. मुलांनो, देवाशी बोलतोय असे दाखवून दोघींनी एकमेकींनाच टोचले होते. त्या दिवसापासून त्यांचे बोलणे बंद झाले.

चिमणीच्या पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. एके सकाळी ती भुकेने रडू लागली. आईचा जीव तो! पिल्लांना एकटे टाकवेना, आणि "जरा लक्ष ठेव गं" म्हणायला तोंड उघडेना. शेवटी ती न सांगताच किडे आणायला उडाली. तेवढ्यात एक धामण सरसर भिंत चढू लागली. साळुंकीने पाहिले मात्र, जिवाच्या आकांताने ओरडत तिने धामणीवर झेप घेतली. चोची मारून मारून तिला खाली पाडले, तेव्हा कुठे ती गवतात पळाली.

ओरडा ऐकून चिमणी धापा टाकत आली. पिल्ले सुखरूप होती. साळुंकीची काही पिसे मात्र उपटली गेली होती. चिमणी रडतच म्हणाली, "साळुंकीताई, मी तुला चारचौघांत नाही नाही ते बोलले, तरी तू..."

"सुरुवात माझीच होती गं. आणि पिल्लांनी कुठे कुणाला मत दिलंय?"

चिमणीला रडता रडता हसू आले. मग तिने मोर का, ते नीट ऐकून घेतले. साळुंकीनेही हत्ती का, ते ऐकले. मत मात्र एकीचेही बदलले नाही.

मतदानाच्या दिवशी साळुंकी लवकर मत देऊन आली आणि चिमणीच्या घरट्यापाशी बसली. "जा, तूही देऊन ये. मी आहे इथे."

"ताई, मी हत्तीलाच देणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ऊन चढायच्या आत जा."

चिमणीने मनोमन देवाचे आभार मानले आणि निर्धास्त उडाली.

तात्पर्य : मत ज्याचे त्याने ठरवावे, पण शेजारी देवाने दिलेला असतो. मतासाठी त्याचे मन दुखवू नये, आणि प्रार्थनेचा टोमणा तर कधीच करू नये.