न मोडलेली एक वस्तू

“सगळंच मोडकं! अहो, पडझड बघायला आम्ही एवढ्या लांब आलो का?” रोमच्या कलोसियमसमोर धोंडेवाडीचे महाराज गरजले. राज्य जाऊन जमाना झाला होता, आवाज मात्र शाबूत होता.

आठजणांच्या त्या पायी सहलीची गाईड होती फिलोमिना तुस्कानो, वसईच्या केळीवाल्याची लेक. पिवळी छत्री उंच धरायची, पुढे चालायचं आणि मागच्यांना रोम दाखवायचं, हे तिचं काम. नववा माणूस घ्यायचा नाही, हा सहल कंपनीचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक. पाहुण्याची तक्रार आली, की छत्री परत द्यायची आणि घर गाठायचं!

“ऐक मुली,” महाराज म्हणाले, “रोमन लोकांनी केलेली, जराही न मोडलेली, कधी डागडुजी न झालेली आणि आजही आपलं काम करणारी एक तरी वस्तू दाखव. इथे रोज दुपारी बाराला तोफ उडते ना, ती होईपर्यंत! नाहीतर आमची तक्रार गेलीच म्हणून समज.”

सोबतच्या राणीसाहेबांनी कपाळाला हात लावला. फिलोमिनाचा भारी जीव असलेलं काम पणाला लागलं होतं. पण ती हसून म्हणाली, “चला महाराज, उचला पाय!”

आधी लागले तीन उंच खांब.

“छप्पर कुठाय?” महाराज.

मग एक देखणा पुतळा.

“नाक कुठाय?”

महाराजांना आता भलतीच मजा येऊ लागली. बाकीच्यांनाही चेव आला. कुणी तडे मोजू लागलं, कुणी टवके. राणीसाहेबसुद्धा पदर खोचून ओरडल्या, “इकडे या! याला तर डोकंच नाही!”

अशी ती वरात बाराला पाच कमी असताना पँथिऑन नावाच्या जुन्या देवळात शिरली. दार दुरुस्त केलेलं निघालं, फरशीही! महाराजांनी मान वर केली आणि टाळीच वाजवली.

“अरे वा! छताला एवढं मोठं भोक! हरलीस मुली!”

“मी जिंकले, महाराज! हीच ती वस्तू!”

“कुठली?”

“भोक!”

फिलोमिनानं छत्रीचं टोक वर रोखलं.

“बांधणाऱ्यांनीच ठेवलंय ते, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी. त्याला तडा जात नाही, त्याचं नाक तुटत नाही, कुणाला ते चोरताही येत नाही. आणि कामावर अजून हजर! आत्ता तुम्ही इथल्या सगळ्या खोडी काढल्यात ना, त्या कुणाच्या उजेडात?”

लांब कुठेतरी बाराची तोफ धडाडली. पण ती ऐकली कुणी? महाराज असे काही हसत सुटले की घुमटही त्यांच्याबरोबर हसू लागला! डोळे पुसत त्यांनी फेट्यावरचा मोत्यांचा तुरा काढला आणि पिवळ्या छत्रीच्या टोकाला बांधला.

“मुली, आमचे चाळीस भाऊबंद आहेत. एकजात नावं ठेवणारे! सगळे तुझ्याकडे धाडतो.”

“खुशाल धाडा महाराज! पण एका वेळी आठच!”

“झालं! सापडली एकदाची तक्रार!” महाराज म्हणाले आणि पुन्हा पोट धरून हसू लागले.