राजाची मिशी आणि न बुडणारी वाटी

उद्या पाडवा, आणि विहीर दोन हात खोल. तिच्यातही एक कुत्रं झोपलेलं.

वाघरगडचा राजा जैतपाळ घाबरला होता तो एवढ्याचसाठी. गेल्या पाडव्याला गुढीपुढे मिशीला पीळ देत त्याने साऱ्या गावादेखत शपथ घेतली होती : पुढच्या पाडव्याच्या आत गावाला विहीर, नाहीतर ही मिशी उतरवीन. मग वैशाखात ऊन म्हणून थांबले, आषाढात चिखल म्हणून. भाद्रपदात पितर आडवे आले. माघात कुदळी आणून त्यांची पूजा केली, आणि पूजा करूनच दरबारी दमले. हसू नका, तुमचंही तसंच चालतं.

राजाने जोशीबुवांना मधे एक अधिक महिना घालायला सांगितलं. तो मागच्याच वर्षी येऊन गेला, असं ते म्हणाले.

मग राजाची नजर गेली निंबाजीवर. म्हातारा देवडीत बसून घटका मोजायचा. घंगाळात पाणी, पाण्यावर तळाला भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका मोजून तो घंटेवर टोला द्यायचा.

राजाने फर्मावलं, "वेळ तुझ्या हातात आहे. विहीर होईस्तोवर पाडवा येता कामा नये. आला, तर घर सोडून गावाबाहेर चालता हो."

निंबाजी डोकं धरून बसला. भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या सुनेने, येसूने, सगळं ऐकून घेतलं. "मामंजी, तुम्ही जेवा. वाटीचं मी बघते," म्हणाली, आणि भोकात मेणाची गोळी दाबली.

वाटी तरंगत राहिली. टोला पडेना. महाराजांनी काळाला वेसण घातली म्हणून दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना डोलवायला तेवढंच होतं.

सूर्य मात्र डोक्यावर आला आणि कललाही. राजाच्या पोटात कावळे ओरडू लागले. पण दुपारचा टोला पडल्याशिवाय वाड्यात कुणाचंच ताट वाढायचं नाही, हा नियम राजाचाच. टोल्याआधी वाढलं म्हणून मागच्या आचाऱ्याला त्याने हाकललं होतं. नवा आचारी पळी धरून उभा. म्हणे, महाराज, अजून सकाळच आहे.

राजा तणतणत देवडीत आला. "टोला दे."

"वाटी बुडाली की देते, महाराज," येसू म्हणाली.

"ती कधी बुडणार?"

"विहीर झाली की."

"अगं, मला दुपार हवी आहे. पाडवा नको!"

"दोन्ही या एकाच भोकातून येतात, महाराज. मेण काढलं तर आधी दुपार येईल, जेवून घ्या. पण तिच्यामागून पाडवाही येणार. मेण ठेवलं तर मिशी राहील, फक्त तिच्याखाली घास जायचा नाही. बोला, काय करू?"

राजाचा एक हात मिशीवर गेला, दुसरा पोटावर. वाटी त्याच्याकडे बघत तरंगत होती. मग तो असा खदखदा हसला की घंगाळातलं पाणी हललं. त्याने स्वतःच्या नखाने मेण उपटलं, ताट मागवलं आणि सकाळसाठी न्हाव्याला निरोप धाडला.

पाडव्याला गुढीपुढे राजा सफाचट उभा. त्याने येसूला जरीचं लुगडं दिलं आणि मेणाचा हा एवढा गोळा. सांगितलं, "आजपासून दरबाऱ्यांची दुपार तुझ्या हाती. हातभर खणल्याशिवाय येऊ देऊ नकोस."

बाराव्या दिवशी विहिरीला पाणी लागलं.