पहारेकऱ्याच्या तोंडातला गूळ

लई जुनी गोष्ट आहे. पटत नसेल तर वाचू नका.

एका विहिरीच्या गोल कठड्यात मुंग्यांचं बीळ होतं. बिळाच्या समोरच्या कडेला वाटसरूंसाठी गूळ ठेवलेला असे. तो डावीकडून आणा, नाहीतर उजवीकडून. टेंभ्या मुंगळा पहाऱ्याला होता. वाट अडली की त्याने ओरडायचं, आणि मुंग्यांनी जुना माग पुसून, मागे वळून, दुसऱ्या बाजूने नवा माग काढायचा; मोकळी झाली की पुन्हा पहिल्या बाजूला यायचं, अशी रीत.

एकदा पिंपळाची लोंबती डहाळी वाऱ्याने डावीकडच्या वाटेवर टेकायला लागली. टेकली की टेंभ्या ओरडे, "वाट अडली." उठली की, "वाट मोकळी." मुंग्या इकडे वळत, तिकडे वळत. गूळ मधेच फिरत राहिला आणि बिळात पिल्लं भुकेने मलूल पडली.

म्हातारी भागा मुंगी टेंभ्याकडे गेली. "काय रे, घसा बसत नाही का तुझा?"

"कामच आहे ते माझं, आत्या. एकदा तरी खोटं बोललो का?"

"नाही. खरं बोलूनच पोरं मारतोस." तिने त्याच्या तोंडात गुळाचा कण कोंबला. "आत्ताच 'अडली' म्हणालास ना? मग हा विरघळेपर्यंत तोंड उघडू नकोस."

डहाळी टेकली, उठली, पुन्हा टेकली. टेंभ्या नुसता डोळे वटारून बघत राहिला. तेवढ्या वेळात मुंग्या दुसऱ्या बाजूने बिळात पोचल्या, आणि पिल्लं गूळ चाटायला लागली.

कण विरघळला. टेंभ्याने डहाळीकडे पाहिलं. ती अजून हलतच होती.

"आत्या," तो म्हणाला, "आणखी एक कण दे."