बिल याच्यावरच करा

आम्हाला एकच मॉनिटर घ्यायचा होता. दिवसभर त्यावर मी पुस्तकांची प्रुफं तपासणार आणि संध्याकाळी लेक गेम खेळणार. माझे डोळे आधीच अधू. मॉनिटर चुकला असता, तर काम सोडावं लागलं असतं.

दुकानदार चौगुल्यांनी सर्वांत मोठा मॉनिटर दाखवला. त्यावर गाड्यांची शर्यत झकास धावत होती.

"यावर अक्षरं नीट दिसतील ना?" माझ्या पत्नीने, शुभदाने विचारलं.

"वहिनी, यातलं तुम्हाला काय कळणार? डोळे झाकून घेऊन जा!"

"बरं, हाच द्या. फक्त आमचं बिल याच्यावरच करा."

चौगुल्यांनी ऐटीत दुकानाच्या कॉम्प्युटरची तार त्याला जोडली. पडद्यावर फुटकी, पुसट अक्षरं उमटली. त्यांनी मान पुढे नेली, मागे घेतली, चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "थांबा, बिल माझ्या जुन्यावर करतो."

शुभदा हसली. "एका बिलात तुमचे डोळे दमले, चौगुलेसाहेब. यांना तर अख्खं पुस्तक वाचायचंय."

चौगुले आत गेले आणि रेखीव अक्षरांचा, गेमलाही पुरेल इतका वेगवान मॉनिटर घेऊन आले.

शुभदा आता नाही. माझं काम मात्र चालू आहे. रोज संध्याकाळी लेकीला खुर्ची देताना मी मनातल्या मनात शुभदाचे आभार मानतो.