रक्तात न दिसलेलं

“मग रक्तात का दिसलं नाही, बुवा?”

डॉक्टर विचारत होते, आणि तेही रुग्णाला. यशवंत हिरवे तालुक्यातले नावाजलेले डॉक्टर. अच्युतबुवा त्यांचे गुरू.

सकाळ रोजच्यासारखीच होती. मठाच्या ओसरीवर बुवा वालाच्या शेंगा सोलत होते, यशवंत शेजारी बसले होते. तेवढ्यात शहरातून फोन आला. बुवांचे डोळे पिवळे दिसले म्हणून काल स्कॅन केला होता. यकृतात मोठी गाठ. कॅन्सर. आता करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

बुवांचं यकृत जुन्या काविळीनं अधू झालेलं. म्हणून यशवंत अधूनमधून त्यांची रक्ततपासणी करवून घेत. एएफपी नावाची. यकृतातला कॅन्सर रक्तात खूण सोडतो, असं ते अभिमानानं सांगत. कुणी सोनोग्राफी सुचवली तर हसत. “रक्त खोटं बोलत नाही.”

दर वेळी रिपोर्ट नॉर्मल.

“काही जणांत ही खूण वाढतच नाही,” यशवंत पुटपुटले. “हे मला ठाऊक होतं, बुवा. मला…”

“रक्ताला कशाला बोल लावतोस? तू विचारलंस तेवढं त्यानं सांगितलं.”

“तुम्हाला दुखत नव्हतं?”

“दुखत होतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

बुवांनी एक शेंग उकलली. दाणे परातीत टाकले.

“तो कागद वाचून तू इतका खूश व्हायचास…”

यशवंतांनी बुवांचे पाय धरून त्यांवर डोकं ठेवलं. मठाची रीतच तशी. शिष्यानं गुरूच्या पायांना तेवढं शिवायचं, बाकी अंगाला हात लावायचा नाही. रक्तसुद्धा यशवंतांची नर्स येऊन काढायची.



मग बुवा वाकले. पायांवरचा यशवंतांचा हात त्यांनी मनगटाशी धरून उचलला, आणि आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला.

यशवंतांची बोटं थबकली. आत दगडासारखं काहीतरी होतं, खडबडीत, चांगलं चार बोटं खाली उतरलेलं. नव्या विद्यार्थ्यालाही लागलं असतं.

“बुवा…”

“आलास की पाय धरायचास, यशवंता. इथे हात ठेवायचा राहिला.”