ठकूच्या घळीतल्या दोन हाका

या घळीत उभं राहून गंमत म्हणून ओरडू नका, आधीच सांगतो. दोन्ही वाड्यांची माणसं धावत येतील, मग शिव्या खाल. घळीच्या या अंगाला आमची करंजवाडी, त्या अंगाला शिरसवाडी. कोणी अडचणीत सापडलं की आम्ही ‘कुऽऽर’ करतो, ते ‘हूऽऽय’ करतात. पूर्वी म्हणे दोन्हीकडे ‘हूऽऽय’च होती.

ठकू ही शिरसवाडीच्या धोंडजीची लेक, आमच्या म्हादूला दिलेली. म्हसोबाची जत्रा होती, दोन्ही वाड्यांत मटणाच्या पंगती बसलेल्या. पत्रावळींना पानं कमी पडली म्हणून ती घळीत उतरली, आणि दरड सुटून धोंड्याखाली पाय सापडला. तिनं हाक घातली.

“शिरसवाडीचं असंल कोणी,” म्हादू म्हणाला. “त्यांचं ते बघतील. रस्सा निवतोय.” पंगत हसली.

तिकडं धोंडजीनंही ऐकलं. “करंजवाडीवाले काटा मोडला तरी बोंबलतात,” म्हणाला आणि भाकरी मागून घेतली.

हाक बराच वेळ येत होती, असं सांगतात. मग थांबली. तेव्हा दोन्हीकडचे म्हणाले, गेलं वाटतं कोणीतरी मदतीला.

दिवस कलला तरी बायको दिसेना म्हणून म्हादू घळीत उतरला. रक्त वाहून ती गार पडली होती. निरोप गेला, सासरा आला.

“मामा, हाक नाय ऐकली?”

“ऐकली. तुमची वाटली.”

“आम्हाला तुमची.”

धोंडजीनं लेकीच्या कपाळावर हात ठेवून शपथ घातली, की आजपासून दोन वाड्यांची हाक एक राहणार नाही. आमच्यांनी हाक बदलली. मग बोलणंही फिरत गेलं. आम्ही ‘नाय’ म्हणतो, ते ‘न्हाई’. देव तोच, सोयरीक तीच, तोंडं निराळी.

हाक सारखी होती म्हणून ठकू गेली, असं आमच्यात सांगतात. सांगोत बापडे. दुसऱ्या वाडीचं माणूस असतं तर मरू द्यायचं होतं का, हे कोणी विचारत नाही. म्हादूच्या मनातून मात्र हा प्रश्न गेला नसावा. तो पुन्हा कुठल्या पंगतीला बसला नाही म्हणे, आणि मरताना एक रीत घालून गेला.

आजही शिरसवाडीची हूय आली, की आमचा माणूस तोंडातला घास थुंकून पळतो. आपल्या वाडीची असली, तर तेवढा गिळतो.