भरतीआधीची धाव

जनावरं माणसांशिवाय होडीत बसून खाडी ओलांडत, तेव्हाची ही गोष्ट. पलीकडच्या कुरणातलं कोवळं गवत दुसऱ्या कुणाच्या तोंडी लागू नये, म्हणून पवळ्या बैल किनाऱ्याच्या रस्त्याने धावत सुटला.

वाटेत कासवीण म्हणाली, "पवळोबा, जरा ऐका तरी."

"येताना ऐकतो," पवळ्या धावताधावताच म्हणाला. पुढे पाणमांजराने हाक मारली, तर त्याने मानही वळवली नाही.

धापा टाकत तो धक्क्यावर पोचला. होडी चिखलात रुतलेली होती. नावाडी बगळा एका पायावर निवांत उभा होता. "भरती आल्याशिवाय होडी हलायची नाही," तो म्हणाला.

पवळ्या उपाशीपोटी खूर आपटत राहिला. पाणी चढलं, तेव्हा पाणमांजर मिशा पुसत आलं. मागून कासवीणही पोचली.

"रस्त्याकडेचं गवत खाऊन घ्या," ती म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं."